चौथी जागा

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बाकावर तिघं बसलेली असतात. बाक तिघांचाच. चौथी बाई येते, हातानेच ‘जरा सरका’ अशी खूण करते आणि तिघीही काही न बोलता वीतभर आत सरकतात. कुणी कुणाला ओळखत नाही. दिवसभराच्या कामाने सगळ्यांचीच कंबर मोडलेली. तरी सरकतात. त्या चौथ्या सीटवर मी कितीतरी वर्षं चर्चगेट ते वसई प्रवास केला आहे. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर. एका चित्राने पुढे मला त्या बाकाकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहायला लावलं.

ते चित्र आंद्रेई रुब्लेव्ह या रशियन संन्याशाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी फळ्यांवर रंगवलं. उंची १४२ सेंटिमीटर, रुंदी ११४. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात ते जवळजवळ शंभर वर्षं होतं. त्याआधी त्याच्यावर मेणबत्त्यांची काजळी बसली होती, नंतरच्या चित्रकारांनी वरून रंग चढवले होते, शिवाय सोन्याचं भारी कवच ठोकलेलं होतं. १९०४ साली ते कवच काढून रंगाचे थर खरवडायला घेतले, तेव्हा कुणाला वाटलंही नव्हतं इतका स्वच्छ निळा रंग खालून उजळून आला.

चित्रातली गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली, उत्पत्तीमधली आहे. भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलेला असतो आणि तीन अनोळखी पांथस्थ समोर येऊन उभे राहतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, भाकरी भाजायला सांगतो, वासरू शिजवायला लावतो. त्या पाहुण्यांच्या रूपाने देवच दारी आला होता, हे हळूहळू उलगडत जातं. रुब्लेव्हने अब्राहामाला चित्रातून काढून टाकलं, त्याची बायको सारा हिलाही काढलं. मेज, त्यावर एकच पात्र आणि भोवती बसलेले तिघं एवढंच ठेवलं. त्यातून त्याने ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा रंगवला: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरीही देव एकच.

आता नीट पाहा. तिघांच्याही अंगावर कुठे ना कुठे तोच निळा आहे. मधला आणि उजवीकडचा डावीकडच्याकडे मान कलवून बसले आहेत, पण कुणीच कुणाला खाली पाहायला लावत नाही. कडेच्या दोघांच्या आतल्या बाजूच्या बाह्यरेषा डोळ्याने जोडत गेलात, तर त्यांच्यामध्ये एका मोठ्या पेल्याचा आकार दिसू लागतो. एकदा दिसला की तो पुन्हा लपत नाही. आणि मेजाची पुढची बाजू रिकामी आहे. पाहणारा नेमका त्याच बाजूला उभा असतो. चित्रातल्या रेषा लांब जाताना एकत्र येत नाहीत, उलट आपल्याकडे येताना रुंदावतात, जणू ते मेज आपल्यापर्यंत सरकवलं आहे.

तिघं बसली आहेत आणि चौथी जागा मोकळी आहे.

मला प्रथम हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या छापील चित्रासमोर नुसती बसून राहिले. लहानपणापासून त्रैक्य म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला पाठ करायचं एक कोडं होतं: एक म्हणजे तीन कसे? फादर सांगायचे, आम्ही मान डोलवायचो. ते कोडं नसून आमंत्रण आहे, हे मला कुणी सांगितलं असेलही, पण माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

देव म्हणजे प्रेम, असं योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे. वाक्य गोड आहे म्हणून आपण ते चटकन पुढे ढकलतो. पण त्यावर थांबून विचार करा. सूर्य, तारे, माणूस यांपैकी काहीच नव्हतं, तेव्हा देव कुणावर प्रेम करत होता? प्रेम हा त्याचा स्वभावच असेल, तर समोर कुणी नसताना ते कुठे जात होतं? ख्रिस्ती उत्तर असं की देव कधीच एकटा नव्हता. त्याच्या आतच देणं आणि घेणं चाललेलं होतं. पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला रिचर्ड, जो ११७३ साली वारला, याच्याही एक पाऊल पुढे गेला. दोघांचं प्रेम अजून बंद खोलीतलं असतं, असं त्याचं म्हणणं. दोघं मिळून तिसऱ्या कुणावर तितकंच प्रेम करू लागतात, तेव्हा ते प्रेम पुरतं उमलतं. पहिलं मूल झालेल्या कुठल्याही घरात हे डोळ्यांनी दिसतं. रिचर्डने ते देवाविषयी विचार करताना पाहिलं.

या आतल्या प्रेमाला ग्रीक आचार्यांनी एक शब्द दिला: पेरिखोरेसिस. तो शब्द नृत्यावरून आला असं पुष्कळदा सांगितलं जातं आणि कल्पना सुंदर आहे, पण ती खरी नाही. शब्दाच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ पुढे सरणं, जागा करून देणं, सामावून घेणं असा होतो. आठव्या शतकातल्या दमास्कसच्या योहानाने हा शब्द त्रैक्यासाठी वापरला. पिता पुत्राला जागा देतो, पुत्र पित्याला, आत्मा दोघांना आणि दोघं आत्म्याला. कुणी कुणाला ढकलत नाही, कुणी कुणात विरून जात नाही. मला नृत्यापेक्षा हे जास्त थरारक वाटतं. विश्वाच्या मुळाशी काय आहे असं कुणी विचारलं, तर दोन हजार वर्षांची ही श्रद्धा सांगते: एकमेकांसाठी सरकून बसणं.

पण हे सगळं देवाच्या घरातलं झालं. आपला त्याच्याशी संबंध काय?

इथे दुसरा ग्रीक शब्द येतो, आणि तो आपल्या मासळीबाजाराच्या फार जवळचा आहे. कोइनोनिया. मराठी मंडळ्यांमध्ये त्याला ‘सहभागिता’ म्हणतात. तो ऐकला की डोळ्यांसमोर प्रार्थनासभा येते. पण लूकच्या शुभवर्तमानात, गालिलच्या सरोवरावर जाळी फाटेल एवढी मासळी लागते त्या प्रसंगी, याकोब आणि योहान हे सीमोनाचे ‘कोइनोनोई’ होते असं म्हटलंय. म्हणजे धंद्यातले भागीदार, मासळीत वाटा असलेले. अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या कोळ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. त्याच शब्दाच्या कुळातून नव्या करारात पुढे काय काय निघतं ते पाहा. यरुशलेममधल्या गरिबांसाठी ग्रीसमधल्या मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी म्हणजे कोइनोनिया. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होणं म्हणजेही कोइनोनिया. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर विश्वासणारे दैवी स्वभावाचेच वाटेकरी होतात, असं धाडसी विधान येतं. मासळीचा वाटा, गरिबाच्या ताटातला वाटा आणि देवाच्या स्वभावातला वाटा, सगळ्याला एकच शब्द.

मराठी वाचकाच्या मनात इथे प्रश्न येणारच: म्हणजे हे अद्वैतच का? मिठाची बाहुली समुद्रात उतरली आणि समुद्र झाली, तसं? ख्रिस्ती परंपरेने निवडलेली प्रतिमा वेगळी आहे. तिथे समुद्र नाही, लोहाराची भट्टी आहे. लोखंड विस्तवात ठेवलं की ते लाल होतं, तापतं, भाजतं, प्रकाश देतं. विस्तवाचं सगळं त्याच्यात येतं, तरी ते लोखंडच राहतं. जुन्या आचार्यांना ही उपमा फार आवडायची. प्रेम करायला दोघं लागतात, आणि म्हणून देव माणसाला इतका जवळ घेतो तरी पुसून टाकत नाही. चौथ्याला जागा दिली म्हणून बाकावरचे तिघं नाहीसे होत नाहीत, आणि चौथाही नाही.

येशूने मरणाच्या आदल्या रात्री हेच मागितलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय ही एकच लांब प्रार्थना आहे. पिता आणि पुत्र जसे एक आहेत तसे हे सगळे एक व्हावेत, आणि पित्याने पुत्रावर जे प्रेम केलं तेच प्रेम यांच्यात असावं, असं तो मागतो. त्या प्रेमासारखं दुसरं एखादं नव्हे, तेच. शिवाय शेजारी बसलेल्या शिष्यांपुरतं मागून तो थांबत नाही. त्यांच्या शब्दामुळे पुढे जे विश्वास ठेवतील त्यांच्यासाठीही मागतो. म्हणजे त्या रात्रीच्या खोलीत, अजून जन्मही न झालेल्या माणसांसाठी जागा केली जात होती.

त्या रात्री एक जेवण होतं, हे विसरू नये. कॅथलिक लोक त्याला मिस्सा म्हणतात, प्रोटेस्टंट प्रभुभोजन. शब्द निराळे, पण भाकर तीच. मराठी बायबलने ‘ब्रेड’ला ‘भाकर’ म्हटलं याचं मला नेहमी कौतुक वाटतं. भाकर मोडावीच लागते. ती सुरीने कापत नाहीत.

ही भाकर पहिल्यांदा बिघडली ती करिंथमध्ये. साधारण इसवी सन ५४च्या सुमारास प्रेषित पौलाने तिथल्या मंडळीला पत्र लिहिलं आणि त्यात जेवणाच्या भांडणाबद्दल खडसावलं. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. एखाद्या सधन सभासदाच्या घरी सगळे जमायचे. रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन कोच असायचे आणि एकेका कोचावर तिघं, म्हणजे नऊ माणसं. मालकाचे मित्र आत रेलून बसत आणि उशिरा सुटणारे गुलाम, मजूर बाहेरच्या चौकात राहत, असं चित्र अभ्यासक उभं करतात. पत्रातून एवढं मात्र स्पष्ट दिसतं की काही जण उपाशी राहत होते आणि काही जण पिऊन तर्र होत होते. पौल म्हणतो, याला मी प्रभूचं भोजन म्हणणारच नाही. प्रार्थना चुकली, मंत्र चुकला असं तो म्हणत नाही. गरिबाला थांबून घेतलं नाही, म्हणून ते भोजनच रद्द!

आणि आता गंमत नव्हे, नवल पाहा. प्रेमाविषयीचा तो प्रसिद्ध अध्याय, जो ख्रिस्ती लग्नांत हटकून वाचला जातो, तो याच पत्रातला तेरावा अध्याय आहे. तो नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. जेवायला एकमेकांसाठी न थांबणाऱ्या माणसांना उद्देशून तो लिहिला आहे. हे कळल्यापासून लग्नात तो वाचला गेला की मला पंगत आठवते.

१८७३ साली फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात १०५६ सालचं एक हस्तलिखित सापडलं. त्यात ‘डिडाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका होती. जुने लेखक तिचं नाव घेत, पण ती हरवली असंच सगळे धरून चालले होते. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या या पुस्तिकेत भाकरीवरची एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा: डोंगरांवर विखुरलेले दाणे जसे गोळा होऊन ही एक भाकर झाली, तशी पृथ्वीच्या टोकाटोकांहून तुझी माणसं एकत्र यावीत.

तीनशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथे ऑगस्टीन नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना भाकरीचीच गोष्ट सांगत होता. त्याचं म्हणणं असं: तुम्ही दाणे होता. उपास आणि तयारीच्या दिवसांत तुम्ही दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने भिजलात, पवित्र आत्म्याच्या विस्तवावर भाजले गेलात. आता वेदीवर ठेवलंय ते तुम्हीच आहात. तुम्ही जे आहात, तेच हातात घ्या.

हे वाचताना मला आपलं ‘वाटणं’ हे क्रियापद आठवतं. प्रेम वाटतं, म्हणजे मनात येतं. साखर वाटतो, म्हणजे दुसऱ्याला देतो. आणि पाट्यावर खोबरं वाटतो, म्हणजे ते बारीक करतो, त्याचं आधीचं रूप राहत नाही. व्याकरणात हे वेगवेगळे शब्द असतील, पण कानाला एकच येतात. धर्मात आपण बहुतेक जण पहिल्यावर खूश असतो: देवाबद्दल काहीतरी वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, घरी गेलो. ऑगस्टीन तिसऱ्याबद्दल बोलतो आहे. मला स्वतःला वाटून घेतल्याशिवाय माझी भाकर होत नाही. हे मला अजून जमलेलं नाही.

रोममध्ये एक विलक्षण प्रथा होती. शहर मोठं झालं, एका चर्चमध्ये सगळे मावेनात, ठिकठिकाणच्या चर्चांत एकाच रविवारी वेगवेगळी मिस्सा होऊ लागली. मग एकच भाकर कशी म्हणायची? तेव्हा पोपच्या मिस्सेतल्या पवित्र भाकरीचे तुकडे घेऊन सेवक शहरभर चालत निघायचे, आणि प्रत्येक चर्चमधला धर्मगुरू तो तुकडा आपल्या पेल्यात सोडायचा. पोप इनोसंट पहिले यांनी ४१६ साली गुब्बिओच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात ही रीत समजावून सांगितली आहे. त्या दिवशी आपण वेगळे पडलो असं त्या धर्मगुरूंना वाटू नये, एवढ्यासाठी. त्या तुकड्याचं नाव होतं फर्मेंटुम, म्हणजे आंबवण. शेजारणीकडून वाटीत चमचाभर विरजण आणावं आणि आपल्या घरचं दूध लागावं, तसंच की हे! आजही मिस्सेत फादर भाकर मोडल्यावर तिचा कणभर तुकडा पेल्यात सोडतात. जेमतेम दोन सेकंदांची कृती. तिचा माग त्या जुन्या प्रथेपर्यंत जातो, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढच्या वेळी तो क्षण चुकवू नका.

पण ही भाकर फुटली आहे, हेही सांगायलाच हवं. १०५४मध्ये पूर्व आणि पश्चिम दुरावले, सोळाव्या शतकात पश्चिमच दुभंगला, आणि मग तुकड्यांचे तुकडे होत गेले. मिशनरी आपल्याकडे आले ते हे तुकडे बरोबर घेऊनच. इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या भांडणांशी विदर्भातल्या किंवा नगर जिल्ह्यातल्या माणसाचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या नावाने इथली गावं वेगवेगळ्या मंडळ्यांत वाटली गेली. त्यात जात होतीच. एका पेल्यातून पिणं ही महाराष्ट्रात किती मोठी गोष्ट होती, हे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांचं सोवळं लगेच सुटलं नाही, आणि ते कसं सुटत गेलं हे त्यांनी काहीही न लपवता लिहून ठेवलं आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ख्रिस्ताकडची वाटचाल सुरू झाली तीही रेल्वेच्या डब्यात: नागपूरहून राजनांदगावला जाताना एका परदेशी प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच बसू शकत होते. दोन वर्षांनी ते गेले.

हे तुकडे जुळवण्याचं मोठं काम पूर्ण झालं तेही नागपुरातच. १९२९मध्ये बोलणी सुरू झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. यांतले काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर काही कळत्या वयातच आणि पाण्यात पूर्ण बुडवूनच देणारे. एकाला दुसऱ्याचा बाप्तिस्मा खरा वाटेना, तिथे एक भाकर कसली? तब्बल एकेचाळीस वर्षं ही माणसं बोलत राहिली. सुरुवातीला बोलायला बसलेले अनेक जण तोवर देवाघरी गेले होते. अखेरीस दोन्ही रीती एकाच घरात राहतील असं ठरलं आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तिच्या बोधचिन्हावर तीन शब्द आहेत: एकता, साक्ष, सेवा. एक मोठी मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या वळणावर बाहेर राहिली, तेही खरंच. तरी मला हा महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला फार मोठा चमत्कार वाटतो, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्याची एक ओळही नसावी याचं वाईट वाटतं.

मी कॅथलिक आहे. माझी जिवलग मैत्रीण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. नाताळात आम्ही एकमेकींच्या चर्चमध्ये जातो. भाकर घ्यायची वेळ आली की आमच्या चर्चमध्ये ती बाकावर बसून राहते आणि त्यांच्याकडे मी. नियमांमागची कारणं मला ठाऊक आहेत, मी ती मानते. तरी रांग पुढे सरकत असते आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली असते, ते पाहताना पोटात तुटतं. योहानाच्या सतराव्या अध्यायातलं मागणं अजून पूर्ण झालेलं नाही. ते मागणारा अजून मागतो आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी कधी रविवारी सकाळी वसईला या. आमच्याकडे मिस्सा मराठीत असते, सगळं कळेल. उशीर झाला तर मागच्या कुठल्याही बाकाच्या टोकाशी उभे राहा. काही बोलायची गरज नाही. कुणीतरी सरकेल.